रोमचा रस्ता झेन्सव्हिलवरून जातो

काका, थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे, नाहीतर माझं डोकं फुटेल. काल काकूंनी सत्तर घेतला! हो, सत्तर. आय-सेव्हन्टी. तोच, ट्रकांचा हायवे. काकू ड्राइव्ह करत होत्या आणि मी बाजूला दाराचं हँडल धरून बसले होते.

घरी आल्या आल्या मी फोन काढला, आपलं चॅट उघडलं, 'काकाऽऽऽ' एवढं टाईप केलं आणि मग वर तुमचा शेवटचा मेसेज दिसला. कुठल्यातरी रोमन रस्त्याच्या कडेच्या गटाराचा फोटो, आणि खाली, 'पाणी कसं काढलं बघ! शनिवारी बोलू.' तो शनिवार आलाच नाही. म्हणून आता इथे लिहितेय. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'काकांवर काहीतरी लिही' असं मला केव्हाच सांगून ठेवलं होतं, आणि मी नुसती कोऱ्या स्क्रीनकडे बघत बसायचे. तुमच्यावर काय लिहू? तुमच्याशी बोलायची सवय आहे मला. तर बोलतेच.

आणि बोलायचं म्हटलं की मिसळीपासून सुरू करावं लागतं, सॉरी. अंक वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना तुम्ही त्या मिसळीमुळेच आठवता. गणपतीचा कार्यक्रम, तुम्हाला दिलेला विषय 'माझा छंद', आणि तुम्ही स्टेजवर काचेचं भलंमोठं पारदर्शक भांडं घेऊन आलात. खाली उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, "हे मोठे दगड." त्यावर मटकी, "ही खडी." त्यावर पोहे, "हा चुना आणि वाळू." सगळ्यात वर फरसाण, "आणि ही फरशी! दोन हजार वर्षं टिकणारा रोमन रस्ता, बापा!" मागून कोणीतरी ओरडलं, "काका, मग तर्री?" तुम्ही एक क्षण पण थांबला नाहीत. "ते पावसाचं पाणी! खाली झिरपून बाजूला निघून गेलं पाहिजे, थांबलं की रस्ता मेला!" आणि ओतलीत तर्री. ओहायोतल्या डब्लिनच्या शाळेच्या कॅफेटेरियात दीडशे मराठी माणसं एका मिसळीचं ड्रेनेज बघत उभी होती. वडे गार झाले तरी कोणी हललं नाही.

पण मला आवडतो तो त्याच्या पुढच्या वर्षीचा किस्सा. तुम्ही परत माइक मागितलात. सगळ्यांना वाटलं, आता बिर्याणी. तर तुम्ही म्हणालात की मागच्या वर्षी दाखवलेले चार थर चुकीचे होते. पुस्तकांमधून वर्षानुवर्षं छापतात, पण मुळात ते घरातल्या फरशीचं वर्णन होतं. कोणीतरी खूप नंतर ते उचलून रस्त्याला चिकटवलं आणि सगळे तेच गिरवत बसले. खरे रस्ते खोदून बघितले तर दर ठिकाणी वेगळंच सापडतं, जिथे जो दगड मिळाला तो वापरलेला. गावाबाहेर तर कितीतरी ठिकाणी वर नुसती खडी. "म्हणून," तुम्ही गळा साफ केलात, "मी माझी मिसळ मागे घेतो."

काकू पहिल्या रांगेतून, "खाल्लेली पण?"

मी तेव्हा तुमच्या बेसमेंटमध्ये राहायचे. नाशिकहून मास्टर्सला आलेली, अपार्टमेंट मिळेपर्यंत दोन आठवडे म्हणून टेकलेली, आणि मग अख्खी एक थंडी तिथेच काढलेली. वरती तुमच्या हॉलवेत त्या लांबलचक नकाशाचा प्रिंट होता, रोमन साम्राज्याचे सगळे रस्ते असलेला. बाथरूमच्या दारापासून सुरू होऊन थर्मोस्टॅटच्या वरून जाऊन पार किचनपर्यंत. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं प्रिंटर बिघडला होता. इटली आडवी झोपलेली, समुद्र ओढ्याएवढा, सगळं जग पोळीच्या कणकेसारखं लाटून लांब केलेलं.

"काका, हा नकाशा चुकलाय."

"कोणासाठी चुकलाय?"

"म्हणजे? देश असे नसतात."

"देश कोणाला पाहिजे, पोरी? प्रवाशाला काय पाहिजे? पुढचा मुक्काम कुठे, तिथवर किती अंतर, तिथे घोडा बदलून मिळतो का, आंघोळीला गरम पाणी आहे का. बस. बाकीचं जग नसलं तरी चालते."

काकू किचनमधून, "आणि थर्मोस्टॅट दिसला नाही तरी चालते. हिटिंग वाढवायचं तर मला आधी आफ्रिका वर उचलावी लागते."

मी अपार्टमेंटमध्ये गेले पण शनिवार तुमच्याकडेच राहिले. एकाआड एक शनिवारी झेन्सव्हिल. सुलभामावशी म्हणजे काकूंची कॉलेजपासूनची मैत्रीण, तिकडे आयुष्यभर डॉक्टरकी केली, आता रिटायर्ड आणि एकटी. माझी सख्खी मावशी कोणी नाही, त्यामुळे मी पण मावशीच म्हणते. तुम्ही गाडी चालवणार, काकू पुढे, मी मागे डब्यांबरोबर. आणि जायचं कसं? चाळीसने! कायम चाळीसने!

(वाचणाऱ्यांसाठी: कोलंबसहून पूर्वेला झेन्सव्हिलला जायला दोन रस्ते. एक सत्तर, म्हणजे इंटरस्टेट, सरळसोट, सगळे त्याने जातात. दुसरा चाळीस, म्हणजे या देशाच्या सरकारने बांधलेला पहिला मोठा रस्ता. मूळचा घोडागाड्यांच्या काळातला, दगड फोडून केलेला. अजून आहे. गावागावांतून, सिग्नलवर थांबत, मक्याच्या शेतांमधून जातो. दोन्ही इतके शेजारीशेजारी चालतात की मधूनमधून एकावरून दुसरा दिसतो.)

आणि काका, गंमत म्हणजे तुम्ही पेव्हमेंट इंजिनिअर! जन्मभर इंटरस्टेटच्या पोटात काय घालायचं ते ठरवलंत, आणि स्वतः त्यावर गाडी घालायची नाही! स्वतःच्या हातचं न खाणारा आचारी! हे मी तुम्हाला किती वेळा ऐकवलं असेल.

आपलं भांडण आठवतंय ना? रोमन रस्त्यांचा ओहायोतला खरा वारस कोण. मी म्हणायचे, ऑब्व्हियसली सत्तर. लांब, सरळ, वेगवान, सरकारने बांधलेला, बांधताना सैन्य डोक्यात असलेला. अजून काय पाहिजे? तुम्ही म्हणायचात, हट! रोमन रस्ता म्हणजे नुसती सरळ रेघ नाही. कडेला मैलाचे दगड पाहिजेत, थकलं की थांबायला ठिकाण पाहिजे, रस्त्यामुळे गाव आणि गावामुळे रस्ता पाहिजे. "तुझ्या सत्तरवर थांबून दाखव बरं! लगेच पोलीस येऊन विचारते, काहून थांबली." मग मी म्हणायचे, रेस्ट एरिया असतात. मग तुम्ही म्हणायचात, व्हेंडिंग मशीनला मुक्काम म्हणते का बे कोणी. हे हेब्रन गावापर्यंत चालायचं. काकू पुढे डोळे मिटून बसलेल्या. मला वाटायचं झोपल्यात.

एकदा गॅस स्टेशनवर, काकू आत गेल्या होत्या तेव्हा, तुम्ही मला हळूच सांगितलंत की रोम वगैरे ठीक आहे, पण खरं कारण वेगळंच आहे. "तुझ्या काकूला ट्रक झेपत नाहीत. फार घाबरते. बोलून दाखवत नाही. म्हणून आपलं हे जुन्या रस्त्याने." मला इतकं भारी वाटलं होतं! हा माणूस बायकोची भीती झाकायला अख्खं रोमन साम्राज्य उभं करतो, यार! मी कोणाला बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती, मंडळात सगळ्यांना माहीतच होतं. काकू हायवेवर जात नाहीत. काकू म्हणजे लायब्ररी, देऊळ, इंडियन ग्रोसरी. त्यावर जोक पण व्हायचे. काकू हसायच्या.

आता खरं काय झालं ते ऐका.

तुमचे दिवस झाले त्या वीकेंडला तुमचा रोहन सॅन होजेहून आलेलाच होता. बिचारा सगळं करत होता, पेपरवर्क, फोन, भांडी. रविवारी दुपारी किचनमध्ये त्याने विषय काढला. काकू मेथी निवडत होत्या.

"आई, यू कान्ट लिव्ह हिअर अलोन."

काकू मेथी निवडत राहिल्या.

"आई, आय मीन इट. यू डोन्ट ड्राइव्ह."

"लायब्ररीत काय उडत जाते मी?"

"दॅट्स नॉट ड्रायव्हिंग, आई. इमर्जन्सी आली तर? एअरपोर्ट? स्पेशालिस्ट? सगळं हायवेवर आहे. यू डोन्ट डू हायवेज. बाबा वॉज युअर राइड."

तो चुकीचं बोलत नव्हता, काका, म्हणूनच राग येत होता. काकू काहीच म्हणाल्या नाहीत. काडी एकीकडे, पानं एकीकडे. त्याने त्या गप्प बसण्याचा अर्थ 'हो' असा घेतला. मी पण. घर विकायचं, काकू सॅन होजेला, त्याच्या गेस्ट रूममध्ये. एजंट ठरला, सोमवारी घराचे फोटो काढायला माणूस येणार. हा उद्याचा, येणारा सोमवार! मी मधे बोलणार कोण, बेसमेंटची जुनी भाडेकरू, ते पण भाडं न घेतलेली. मी हॉलवेत जाऊन त्या नकाशासमोर उभी राहिले. फोटोवाल्याने सांगितलं होतं म्हणे, भिंती रिकाम्या करा.

आणि परवा, शुक्रवारी, काकूंचा फोन.

"उद्या मोकळी आहेस का गं? सुलभाकडे जाऊन येऊ."

"हो हो, मी येते न्यायला."

"नको. गाडी मी घेते. तू नुसती बस."

मी बसले. रिव्हरसाइड ड्राइव्हने नदीच्या कडेकडेने डाउनटाउन, मग मेन स्ट्रीट, मग चाळीस. काका, त्या झोपलेल्या नसायच्या! इतकी वर्षं! त्यांना सगळं पाठ आहे, पण कसं माहितीये? गावांची नावं निम्मी माहीत नाहीत, दिशा तर अजिबात नाहीत. "आता एक पिवळं चर्च येईल, त्याच्या पुढच्या गॅस स्टेशनचं टॉयलेट स्वच्छ. त्याच्या आधीचं मरो. मग एक कुत्रं भुंकतं. मग मैलाचा दगड, तिथे चहा. मग उतार, तिथे यांना नेहमी सुलभाला फोन करायची आठवण व्हायची, निघालो म्हणून." मी विचारलं, काकू, आपण आता नॉर्थला आहोत का सत्तरच्या? तर म्हणाल्या, "मला काय करायचंय नॉर्थ?"

मी जोरात हसले. तो थर्मोस्टॅटवरचा नकाशा माझ्या शेजारी बसून गाडी चालवत होता! पुढचा मुक्काम, तिथवरचं अंतर, पाण्याची सोय. बाकीचं जग नसलं तरी चालतं. तुम्ही असतात तर गाडी बाजूला घ्यायला लावली असतीत आणि अर्धा तास बोलला असतात. मी काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "माझी तुलना त्या भिंतीवरच्या लांबोड्याशी नको करूस."

हेब्रन गेलं. मक्याची कापणी झालेली, दोन्हीकडे नुसते खुंट, घरांपुढे भोपळे. आणि पुढे जॅक्सनटाउनच्या चौकात नारंगी बोर्ड. रोड क्लोज्ड. पुढे पुलाचं काम काढलेलं. बाण उजवीकडे, आणि खाली डिटूरचा, म्हणजे वळशाचा रस्ता: सत्तर ईस्ट.

मी म्हटलं, काकू, बाजूला घ्या, मी चालवते.

"का?"

"अहो, डिटूर सत्तरवरून आहे."

"वाचता येतं मला."

"नाही, म्हणजे, ट्रक असतात ना..."

"बरं मग?"

आणि घेतला उजवीकडे. मी फोनवर दुसरा रस्ता शोधायला लागले, फोन पण हट्टाने सत्तरच दाखवत होता. रॅम्प आला. काका, तो रॅम्प वळून खाली उतरतो आणि डाव्या बाजूने ट्रकमागून ट्रक, ते दोन-दोन डबे जोडलेले. मी हँडल धरलं. काकूंनी आरशात बघितलं, मान वळवून बघितलं, सिग्नल दिला, पाय दाबला आणि दोन ट्रकांच्या मधे अशी सुळकन गेल्या की मागच्याला ब्रेकसुद्धा मारावा लागला नाही. मग डावीकडची लेन. मग पुढच्या ट्रकला ओव्हरटेक! ओव्हरटेक, काका!

मी ओरडलेच, "काकू! तुम्हाला येतं!"

"न यायला काय झालं? पुण्यात लक्ष्मी रोडवर लुना चालवलीये मी, मागे सुलभाला बसवून. तिथे काय लेन होत्या?"

"पण तुम्हाला ट्रकची भीती..."

काकूंनी तो ट्रक पार मागे टाकला. मग समोर बघतच म्हणाल्या, "मला नाही गं. यांना."

रोहन शाळेत होता तेव्हाची गोष्ट, म्हणाल्या. याच रस्त्यावर, तुमच्या पुढच्या ट्रकचं टायर फुटलं. रबराचा एवढा मोठा तुकडा उडून तुमच्या काचेवरून गेला. कोणाला काही झालं नाही. घरी आलात, चहा घेतलात, रोहनचा होमवर्क घेतलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, काल तू फार घाबरलीस ना, आपण आता सुलभाकडे जुन्या रस्त्यानेच जात जाऊ.

"मी घाबरले नव्हते," काकू म्हणाल्या. "पण मी यांच्याकडे बघितलं. कपाचा कान धरवत नव्हता. मग मी म्हटलं, हो, घाबरले. जुन्या रस्त्याने जाऊ."

"आणि तेव्हापासून...?"

"हायवेच्या ऑफिसात काम करणारा माणूस. तो कोणाला सांगणार, मला हायवेची भीती वाटते म्हणून? माझं काय, मी घाबरले तर कोणाला काही वाटत नाही. बायका घाबरतात असंच धरून चालतात सगळे. मग ते रोमचं सुरू झालं, त्यात ते रमले. बरंच झालं. चाळीस चांगलाच आहे रस्ता."

"काकांना माहीत होतं का, की तुम्हाला माहीत आहे?"

"कोणाला ठाऊक. आम्ही कधी बोललो नाही त्यावर."

म्हणजे बघा ना काका! रोहन घर विकतोय, कारण काकूंना हायवे जमत नाही. आणि काकूंना हायवे जमत नाही, कारण तसं त्यांनी तुमच्यासाठी ठरवलं होतं. तुम्ही गेलात आणि ती भीती त्यांच्या नावावर तशीच राहिली. त्या दिवशी मेथी निवडताना त्या गप्प होत्या, त्या विचार करत होत्या की पोराला हे सांगायचं की नाही. सांगितलं तर घर राहतं. पण मग बाबा घाबरट होतो.

सुलभामावशीकडे पोचलो. झेन्सव्हिलचा तो तीन टोकांचा पूल लागला, ज्याच्या अर्ध्यात गेल्यावर डावीकडे वळायचं असतं आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, जगात पुलाच्या मधे सिग्नल फक्त इथेच असेल. मावशींनी दार उघडलं, काकूंच्या हातातली किल्ली बघितली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सांगितलंस वाटतं हिला एकदाचं." म्हणजे मावशींना पण माहीत होतं! सगळ्या बायकांना माहीत होतं!

जेवण झाल्यावर काकूंनी रोहनला फोन लावला, स्पीकरवर.

"रोहन, सोमवारचं कॅन्सल कर."

"आई, वी टॉक्ड अबाउट धिस."

"तू टॉक केलंस. मी मेथी निवडत होते."

"आई..."

"सुलभाकडून बोलतेय. सत्तरने आले."

"हू ड्रोव्ह?"

मी लांबूनच ओरडले, "नॉट मी! आय वॉज जस्ट स्क्रीमिंग!"

"बट बाबा ऑल्वेज सेड यू..."

काकूंनी स्पीकर बंद केला, फोन कानाला लावला आणि मागच्या अंगणात गेल्या. मी आणि मावशी काचेतून बघत होतो. बराच वेळ चालल्या तिथे, पानं तुडवत, इकडून तिकडे. आत आल्या तेव्हा नाक लाल, पण थंडी पण होतीच.

"सांगितलं. आधी हसला. मग रडला. म्हणतो, देन बाबा वॉज स्केअर्ड इन माय कार टू. म्हणतो, बाबा माझ्या गाडीत कायम डोळे मिटून बसायचे, मला वाटायचं माझं ड्रायव्हिंग ऐकताहेत."

आणि काका, तेव्हा मला क्लिक झालं. एकदा तुमची गाडी वर्कशॉपमध्ये होती, काकू आधीच मावशींकडे राहायला गेल्या होत्या आणि मी तुम्हाला माझ्या गाडीतून घेऊन गेले होते. मुद्दाम सत्तरने, भांडण जिंकायला. तुम्ही कोलंबस सोडल्यापासून डोळे मिटून घेतलेत आणि जे बोलत सुटलात! रोमन लोक मोजणी कशी करायचे, कडेचे दगड कसे बसवायचे, श्वास घ्यायला पण थांबला नाहीत. मी विचारलं, डोळे का मिटलेत? तर म्हणालात, काँक्रीटचे सांधे ऐकतोय, ते टक-टक, टक-टक, आवाजावरून कळतं खाली काय चाललंय. मला ते इतकं ग्रेट वाटलं होतं की मी नंतर ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. आणि ते खरंही असेल! हेच तर मला कळत नाहीये! ज्याला रस्त्याच्या पोटातलं सगळं माहीत, त्यालाच तो सांधा तिथे कधी सुटेल हे पण ऐकू येत असणार. तुम्हाला भीती वाटायची म्हणून तुम्हाला रोम सापडलं, की रोम आधीपासून होतं आणि भीती नंतर त्यात राहायला आली? काकूंना विचारलं, त्या म्हणतात, मला काय माहीत, मी झोपलेली असायचे.

तुम्हाला खरंच वाटत होतं का, की त्या घाबरतात? प्लीज, हे एवढं एकच सांगा.

येताना काकूंनी चाळीस घेतला. पूल बंद होता तेवढाच तुकडा सत्तरवरून, बाकी सगळा चाळीस. मी म्हटलं, आता कशाला, आता तर गरज नाही. तर म्हणाल्या, "मैलाच्या दगडापाशी चहा घ्यायचाय." थर्मास बरोबर होताच. दगडावरची अक्षरं आता बोटांनीच वाचता येतात, झिजलीत. तिथून शेतापलीकडे लांबवर सत्तर दिसत होता, ट्रक खेळण्यासारखे. मी काकूंना आपलं भांडण सांगितलं, सगळं, सैन्य, दगड, व्हेंडिंग मशीन, आणि विचारलं, तुम्हीच ठरवा, खरा वारस कोण?

"वारस मी," काकू म्हणाल्या. "घरी गेल्यावर आधी तो नकाशा थोडा डावीकडे सरकवणार आहे. थर्मोस्टॅट मोकळा करते. काढत नाही, घाबरू नकोस."

मग मी विचारलं, काकू, हे मी अंकात लिहू का? सगळं? काकांचं पण?

त्यांनी कप झटकला, झाकण लावलं. "लिही. सगळ्यांसमोर मिसळ मागे घेणारा माणूस होता तो. वेळ मिळाला असता तर हे पण घेतलं असतं मागे, मंडळात उभं राहून. आता त्यांच्याऐवजी मी घेते. लिही की मी माझी भीती मागे घेतेय."

तर काका, मागे घेतली. अधिकृतपणे.

एक सांगायचं राहिलंच. तुम्ही म्हणायचात ना, रोमन रस्ता सरळ असतो हे अर्धंच खरं. तो वळतो, पण बऱ्याचदा टेकडीच्या माथ्यावर वळतो, कारण मोजणारा तिथे उभा राहिला की त्याला मागची खूण पण दिसते आणि पुढची पण. काल त्या दगडापाशी उभं राहून मी दोन्हीकडे बघितलं. ओहायोत टेकडी कसली, नुसता उंचवटा. पण दिसलं. मागे तुम्ही दोघं पुढच्या सीटवर, एक बोलतोय, एक झोपल्याचं सोंग करतेय. पुढे काकू, एकट्या, डावीकडच्या लेनमध्ये.

आणि आता तुम्ही सगळे, जे हे वाचताय. तुमच्या घरी आहे का हो असं कोणी, ज्याच्या एखाद्या भीतीवर सगळे वर्षानुवर्षं हसले आणि मग कळलं की ते माणूस दुसऱ्याच कोणाची तरी भीती गुपचूप सांभाळत होतं? तुमच्या गाडीत डोळे मिटून बसलेलं माणूस खरंच झोपलेलं होतं का? विचारलंत कधी? मला विचारायचं राहिलं. तुमचं झालं का विचारून?